जाळ्यातला संगणक – लेखांक ७ : तात्पुरत्या फाइलींनी राहायचं कुठे?

एका संगणकावरचं फोल्डर ‘शेअर’ केलं की ते ऑफिसातल्या सगळ्यांना आपल्याच डिस्कवर असल्यासारखं कसं दिसतं, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांचा कारभार बऱ्याचदा अशाच एका सामायिक ड्राइव्हवर चालतो. हजेरी, पगार, जीएसटीची बिलं, माल गेल्याची चलनं, सगळं तिथेच. एडवणहून सफाळ्याला येऊन गाडीने बोईसर गाठणाऱ्या कुणालाही तिथल्या दोन तक्रारी पाठ असतील. एक, ‘मी चलन टाकलंय, तुला दिसत कसं नाही?’ दुसरी, ‘या विचित्र नावाच्या फाइली इथे टाकल्या कुणी?’ पहिलीच्या मुळाशी कॅश आहे, दुसरीच्या मुळाशी तात्पुरत्या फाइली.

आधी कॅश. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट दर वेळी सर्व्हरला विचारायची तर काम रखडतं. म्हणून तुमचा संगणक एकदा मिळालेलं उत्तर थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतो. घरातल्या कपाटातला सातबाऱ्याचा उतारा ज्या तारखेला काढला त्या तारखेपुरता खरा. मधल्या काळात फेरफार झाला असेल तर तो त्या कागदावर उमटत नाही. कॅशचंही तसंच, फक्त तिची मुदत सेकंदांत मोजायची. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत शेअर फोल्डरमधली यादी साधारण 10 सेकंद लक्षात ठेवली जाते. ‘अशी फाइल नाही’ हे उत्तरसुद्धा 5 सेकंद जपून ठेवलं जातं! सहकाऱ्याने चलन टाकण्याच्या क्षणभर आधी तुम्ही ते शोधलं असेल, तर फाइल आल्यावरही तुमचा संगणक काही क्षण ‘नाही’च म्हणत राहतो. अशा वेळी तीच फाइल दुसऱ्यांदा टाकण्याची घाई करू नका. थांबा, एफ-5 दाबा, मग पाहा.

लिनक्सवर फोल्डर शेअर करण्याची जी एनएफएस पद्धत चालते, ती सन मायक्रोसिस्टिम्सने 1980च्या दशकाच्या मध्यावर आणली. तिथे फाइलीची माहिती 3 ते 60 सेकंद आणि फोल्डरची 30 ते 60 सेकंद जवळ ठेवण्याची प्रथा आहे. तिचा मुख्य करार असा : एकाने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने ती उघडली, तर दुसऱ्याला ताजा मजकूर मिळेल. दोघांनी एकाच वेळी उघडून ठेवली, तर अशी हमी नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या एएफएस पद्धतीने वेगळा मार्ग धरला. तिथे फाइल बदलली की ज्यांच्याकडे तिची प्रत आहे त्यांना सर्व्हर स्वतःहून कळवतो.

आता तात्पुरत्या फाइली. सामायिक फोल्डरमधली पगाराची एक्सेल शीट उघडा आणि लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करा. शेजारी त्याच नावाची, पण सुरुवातीला ~$ लागलेली छोटी फाइल दिसेल. शीट कुणी उघडली आहे त्याचं नाव तिच्यात असतं. दुसऱ्याने तीच शीट उघडली की ‘अमुक व्यक्ती वापरत आहे’ असा निरोप त्याला मिळतो, तो याच नोंदीवरून. शीट बंद केली की ही फाइल आपोआप जाते.

सेव्ह करताना आणखी एक गोष्ट घडते. एक्सेल तुमच्या मूळ शीटवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये अक्षर-आकड्यांचं भलतंच नाव असलेली नवी फाइल तयार होते, सगळा मजकूर आधी तिच्यात उतरतो, मग जुनी फाइल काढून नवीला तिचं नाव दिलं जातं. ही फाइल त्याच फोल्डरमध्ये का? कारण एकाच ड्राइव्हवर नाव बदलणं क्षणाचं काम असतं. दुसऱ्या ड्राइव्हवरून आणायचं तर अख्खी फाइल कॉपी करावी लागते आणि ती अर्धवट राहण्याचा धोका येतो. पावसाळ्यात नेमकी याच वेळी वीज गेली किंवा नेटवर्कचा स्विच बंद पडला, तर ती विचित्र नावाची फाइल तशीच मागे राहते. तिला कचरा समजून लगेच उडवू नका. आधी तारीख आणि वेळ पाहा, तिची प्रत काढा, प्रतीला एक्सेलचं एक्स्टेंशन लावून उघडून बघा. तुमचं दुपारभराचं काम त्यातच असू शकतं.

लिनक्सच्या एनएफएस फोल्डरमध्ये असाच एक पाहुणा भेटतो, टिंब आणि ‘एनएफएस’ने सुरू होणाऱ्या नावाचा. चालू असलेल्या प्रोग्रामने उघडलेली फाइल त्याच संगणकावरून पुसली, की ती खरोखर न पुसता तिला हे नाव दिलं जातं, म्हणजे तो प्रोग्राम मध्येच अडत नाही. ती हाताने पुसली तर नव्या नावाने परत येते. उपाय एकच, आधी तो प्रोग्राम बंद करायचा.

म्हणजे तात्पुरत्या फाइली दोन जातींच्या आहेत. ज्या पुढे मूळ फाइल होणार आहेत, त्या मूळ फाइलीशेजारीच हव्यात. बाकी सगळं, म्हणजे झिप उलगडणं, स्कॅनची कच्ची पानं, व्हिडिओचं रूपांतर, आपापल्या संगणकावर करावं आणि फक्त तयार माल शेअरवर ठेवावा. मोठ्या यंत्रणाही जागा अशीच वाटून देतात. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकावर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींची जागा वेगळी आणि चालू गणितांच्या कच्च्या फाइलींची वेगळी आहे.

या आठवड्यात एवढं कराच. प्रत्येक संगणकाचं ‘टेम्प’ फोल्डर स्वतःच्याच डिस्कवर आहे ना, ते तपासा. ~$ची फाइल पुसण्याआधी शीट खरंच कुणी उघडलेली नाही याची खात्री करा. आणि सर्व्हरला यूपीएस असेल तर नेटवर्कचा स्विचही त्यालाच जोडा; सर्व्हर चालू राहून स्विच बंद पडला, तर सेव्ह अर्धवट राहायचं ते राहतंच.

पुढील लेखांकात : एकाच फाइलीवर दोघांनी काम करायचं तर तिला कुलूप लावायचं कुणी?