प्रयोग संपल्यानंतर

१९६१ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाने एक जाहिरात दिली. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवी होती. तासाभराचे चार डॉलर आणि जाण्यायेण्याचे पन्नास सेंट मिळणार होते. टपाल कारकून, शाळामास्तर, विक्रेते, इंजिनिअर, मजूर अशी चारचौघांसारखी माणसं आली. त्यांना एका यंत्रासमोर बसवण्यात आलं. यंत्रावर तीस बटणं होती, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत. भिंतीपलीकडे बसलेला ‘विद्यार्थी’ उत्तर चुकला की दर वेळी एक बटण पुढे जाऊन विजेचा झटका द्यायचा. प्रत्यक्षात झटके खोटे होते आणि विद्यार्थी प्रयोगकर्त्याचाच माणूस होता, पण बटण दाबणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या मांडणीत ३०० व्होल्टला भिंतीवर धक्के ऐकू यायचे आणि त्यानंतर लवकरच पलीकडून उत्तरं येणं थांबायचं. तरीही ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

हा प्रयोग करणाऱ्या स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा हा आकडा मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो. त्यांच्या १९६३च्या त्याच शोधनिबंधातली दुसरी नोंद मात्र विद्यार्थ्यांच्या क्वचितच लक्षात राहते. ही माणसं घामाघूम झाली, थरथरली, बोलताना अडखळली, नखं तळहातात रुतवत राहिली. तिघांना तर अंग आवरेना इतके झटके आले, आणि हे झटके खरे होते. पुढे लेखिका जीना पेरी यांनी येलच्या संग्रहातल्या ध्वनिफिती ऐकल्या, कागदपत्रं वाचली आणि २०१२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातून कळलं की अनेकांना प्रयोगशाळेतून निघताना पूर्ण सत्य सांगितलंच नव्हतं. झटके वाटले तेवढे जोरदार नव्हते, एवढ्यावर त्यांची बोळवण झाली. सगळं नाटक होतं हे त्यांना काही महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून समजलं. मधल्या काळात एका सहभागीने आपल्या हातून माणूस मेला की काय या भीतीने वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता चाळल्या होत्या.

माणसांवर होणाऱ्या मानसशास्त्रीय संशोधनाच्या नीतीवर लिहिताना मला या निधनवार्ता चाळणाऱ्या माणसापासून सुरुवात करावीशी वाटते. आपली बहुतेक चर्चा संमतिपत्रापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सही घेतली का, कमिटीची परवानगी आहे का, फाइल पूर्ण आहे का, एवढंच पाहिलं जातं. हे सगळं आवश्यकच आहे. पण या विद्याशाखेत नीतीची खरी परीक्षा शेवटी होते. प्रयोग संपला, दार उघडलं, माणूस घरी निघाला, तेव्हा तो सोबत काय घेऊन गेला?

औषधाच्या चाचणीत इजा झाली तर ती शरीरावर दिसते आणि मोजता येते. मानसशास्त्रात इजा बहुधा ज्ञानाच्या रूपाने येते: मी असा आहे, मी हे करू शकतो. हे ज्ञान त्या माणसाने मागितलेलं नव्हतं. त्यात आणखी एक पेच आहे. खरा हेतू आधी सांगितला तर प्रयोगाला अर्थच उरत नाही, म्हणून थोडी फसवणूक या विद्येच्या पद्धतीतच शिरलेली आहे. डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्ये मिलग्रॅम यांच्यावर जी टीका केली तिचा रोख याच दिशेने होता. विश्वासाने आलेल्या माणसाच्या आत्मप्रतिमेला तडा जातो आणि प्रयोगकर्ता काही मिनिटांच्या गप्पांत तो बुजवल्याचं समाधान मानतो. मिलग्रॅम यांनी पाहणीच्या आधारे उत्तर दिलं: ८४ टक्के सहभागींनी भाग घेतल्याचा आनंद असल्याचं कळवलं होतं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. एखादी गोष्ट सोसून झाल्यावर माणूस तिच्यात अर्थ शोधतो, हा त्याचा मोठेपणा आहे. त्याच्या जोरावर आधीच्या वागणुकीचं समर्थन करता येत नाही.

मागे वळून पाहिलं तर शेवटाकडे झालेलं हेच दुर्लक्ष पुन्हा पुन्हा दिसतं. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांचा बाल्टिमोरमधल्या बालकावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढरा उंदीर समोर ठेवायचा आणि मुलाच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा. अकरा महिन्यांचं ते मूल उंदराला घाबरू लागलं, मग सशाला आणि केसाळ वस्तूंनाही. ती भीती काढून टाकण्याचे उपाय निबंधात सुचवलेले आहेत, अमलात मात्र आणलेले नाहीत. मूल ज्या रुग्णालयात होतं तिथून गेलं. ते जाणार हे संशोधकांना आधीपासून माहीत होतं.

१९३९ मध्ये आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टच्या अनाथालयात जे घडलं ते मला याहून जास्त छळतं. वेंडेल जॉन्सन हे तोतरेपणाचे नामांकित अभ्यासक होते. ते स्वतः तोतरे होते आणि या दुखण्याचं मूळ शोधण्याची त्यांची तळमळ खरी होती. तोतरेपणा मुलाच्या तोंडात नसून ऐकणाऱ्याच्या टोकण्यातून तयार होतो, असं त्यांना वाटत होतं. ते तपासण्यासाठी त्यांच्या विद्यार्थिनी मेरी ट्यूडर यांनी २२ मुलांवर काही महिने काम केलं. त्यात नीट बोलणाऱ्या सहा मुलांना सांगितलं गेलं की तुमचं बोलणं बिघडत चाललंय, चुकणार असाल तर बोलूच नका. मुलं तोतरी झाली असं म्हणता येत नाही, पण ती गप्प होऊ लागली, वर्गात उत्तर देईनात. ट्यूडर यांना चुटपुट लागली. प्रयोगानंतर त्या अनाथालयात परत जाऊन मुलांचा धीर वाढवण्याचा प्रयत्न करत राहिल्या. मुलांना खरं काय ते मात्र कुणी सांगितलं नाही. २००१ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने त्यावरचा ट्यूडर यांचा प्रबंध उजेडात आणला आणि विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलरची तडजोड केली. सहा जणांच्या बाजूने झालेल्या या दाव्यात तिघांच्या वतीने त्यांचे वारस होते. निवड अनाथालयाची का झाली, हे वेगळं सांगायला नको. विचारायला येणारे आईबाप तिथे नव्हते.

नियमांचा इतिहास तसा सर्वांना परिचित आहे. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता आली आणि स्वेच्छेने दिलेली संमती हे तिचं पहिलं कलम ठरलं. १९६४ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठी हेलसिंकी जाहीरनामा आला. अलाबामातल्या टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं उपचारावाचून केवळ निरखण्यात आलं. त्याच्या धक्क्यातून १९७४चा अमेरिकन कायदा आणि १९७९चा बेलमाँट अहवाल निघाला. व्यक्तीचा आदर, तिचं हित आणि न्याय या तीन तत्त्वांवर आजही जगभरच्या एथिक्स कमिट्या चालतात. मानसशास्त्रज्ञांनी मात्र स्वतःची वाट थोडी वेगळी काढली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९५३ची आपली पहिली संहिता वरून न लादता सभासदांकडून कामात आलेले प्रत्यक्ष पेचप्रसंग मागवून त्यांच्या आधारे लिहिली. मानवी सहभागींवरच्या संशोधनाची दहा तत्त्वं १९७३ मध्ये आली, तीही याच रीतीने. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण असे नियम कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलेले असतात.

परवानगी असली की सारं सुरळीत होतं, हा समज १९७१च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात खोटा ठरला. फिलिप झिंबार्डो यांच्या लुटुपुटुच्या तुरुंगाला विद्यापीठाच्या समितीची मंजुरी होती. दिवसाला पंधरा डॉलर देऊन चोवीस तरुण निवडले होते आणि त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. एक ‘कैदी’ खचला आणि बाहेर जाऊ मागू लागला, तेव्हा त्याला सोडण्याऐवजी तुरुंगाचा खबऱ्या होण्याचा देकार देण्यात आला. तो परत गेला आणि इतरांना म्हणाला, इथून सुटका नाही. संशोधनाचे प्रमुख आणि तुरुंगाचे अधीक्षक हे दोन्ही स्वतः झिंबार्डोच होते, त्यामुळे दाद मागायची तर ती त्यांच्याकडेच. दोन आठवड्यांचा हा प्रयोग सहा दिवसांत बंद झाला, तोही भेटीला आलेल्या क्रिस्टीना मास्लाक या तरुण संशोधिकेने त्यांना तोंडावर खडसावलं म्हणून. कोणत्याही क्षणी, कारण न देता, मोबदला न गमावता बाहेर पडता येईल, हे वाक्य आज प्रत्येक माहितीपत्रकात असतं. पण उठून जाण्याचा हक्क ज्याच्या विरुद्ध वापरायचा, त्याच्याच हातात दाराची किल्ली असेल तर त्या वाक्याला किंमत उरत नाही.

फसवणुकीबाबतचे आजचे अमेरिकन नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. शारीरिक वेदना किंवा तीव्र मानसिक क्लेश होण्याची शक्यता असेल तर त्याबाबत सहभागीला अंधारात ठेवता येत नाही. अन्य प्रकारची फसवणूक दुसरा मार्ग नसेल तरच चालते, आणि तिचा खुलासा शक्यतो सहभाग संपताक्षणी करायचा असतो. त्यानंतर सहभागीला आपली माहिती मागे घेण्याची मुभा द्यावी लागते. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फसवून मिळवलेल्या संमतीला खरी संमती होण्याची ती एकमेव संधी आहे. फेसबुकने २०१२च्या जानेवारीत आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी मजकुराचं प्रमाण बदलून पाहिलं. निबंध २०१४ मध्ये आला आणि गदारोळ उठला. परिणाम अगदी किरकोळ होता, हे खरं. पण त्या सात लाखांच्या आसपास माणसांपैकी कुणालाही ‘तुमच्यावर हे केलं’ असं कळवलं गेलं नाही. वापराच्या अटींवर टिचकी मारली म्हणजे संमती, असं मानण्यात आलं.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं प्रमाण मानली जातात. आरोग्याशी निगडित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनही त्यांत येतं. कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा आणि सर्वसामान्य नागरिकही सदस्य हवा. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी रुकार पालकांच्या संमतीव्यतिरिक्त वेगळा घ्यायचा. मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी हो म्हटलं म्हणून वर्गाने किंवा गावाने हो म्हटलं असं होत नाही. २०१७च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ९९वं कलम तर सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची केवळ मुलाखत घ्यायची असली तरी तिची मुक्त आणि समजून दिलेली संमती लागते. महाराष्ट्राने या कामात आधीच वाटा उचलला होता. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक समाजशास्त्रीय संशोधनासाठी २००० साली नीतितत्त्वं तयार झाली. त्या वेळी या विषयावर आपल्या देशात फारसं कुणी बोलत नव्हतं.

कौटुंबिक हिंसाचारावरच्या मुलाखतींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केलेल्या शिफारशी प्रत्येक एम. ए.च्या विद्यार्थ्याने वाचायला हव्यात. एका घरातल्या एकाच बाईशी बोलायचं. दोन वर्षांपेक्षा मोठं मूलसुद्धा जवळ नको, कारण ते बापाला सांगेल. कुणी आत आलं तर लगेच विषय बदलायचा आणि त्यासाठी दुसरी, निरुपद्रवी प्रश्नावली हाताशी ठेवायची. मुलाखत संपवताना बाईने आजवर जो तग धरला, जे मार्ग काढले, त्यांची आठवण करून द्यायची. ती उठेल तेव्हा मोडलेली नसावी, एवढा विचार एका प्रश्नावलीच्या शेवटासाठी केलेला आहे. विज्ञानाला इतकं हळुवार होता येतं, हे यातून दिसतं.

विदर्भात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी अनेक प्रकारची माणसं येतात: महसूल खात्याचे कर्मचारी, पत्रकार, पुढारी, संस्थांचे कार्यकर्ते आणि प्रबंध लिहिणारे संशोधक. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ यावर सरकारची एक लाखाची मदत अवलंबून असते. अशा घरातली बाई फाइल घेऊन आलेल्या कुठल्याही माणसाला नाही म्हणू शकते का? आपण मदतीची फाइल पुढे सरकवणार नाही, हे संशोधकाने तिला स्पष्ट आणि दोनदा सांगितलं नसेल तर तिची सही ही आशेवर घेतलेली सही आहे. आधीच्या सहा जणांना सांगितलेली त्या रात्रीची हकिगत सातव्याने पुन्हा तिच्या तोंडून काढायची असेल, तर आधीच्यांनी काय लिहून ठेवलंय ते त्याने आधी वाचलेलं असावं आणि खरंच नवं काही विचारायचं असेल तरच तिच्या दारात जावं.

मानसशास्त्राच्या पदवी वर्गांत प्रात्यक्षिकांसाठी खालच्या वर्गातली मुलं, शेजारी, भावंडं बसवली जातात. चिंतेच्या किंवा नैराश्याच्या चाचण्या होतात, गुण काढले जातात, जर्नल पूर्ण होतं. ज्याचे गुण जास्त आले त्या मुलाला कुणी काय सांगायचं, कुठे पाठवायचं, हे बहुधा ठरलेलं नसतं. वर्गातली ओळख असल्याने गुणांची कुजबुजही होते. मार्कांसाठी सहभाग सक्तीचा असेल तर त्याला समान मोलाचा दुसरा पर्याय द्यावा, ही अट अमेरिकन संहितेत आहे आणि आपल्या महाविद्यालयांत ती उद्यापासून पाळता येण्याजोगी आहे.

एथिक्स कमिट्यांच्या अर्जांत संमतिपत्राचा नमुना जोडायला सांगतात. त्यासोबत आणखी दोन कागद मागावेत, असं मला मनापासून वाटतं. पहिला, प्रयोग किंवा मुलाखत संपल्यावर सहभागीला जे सांगितलं जाईल तो मजकूर, शब्दशः आणि त्याच्याच बोलीत. दुसरा, निष्कर्ष हाती आल्यावर ते त्या गावात, त्या शाळेत, त्या वॉर्डात कोण, कधी आणि कुठल्या भाषेत जाऊन सांगणार याची नोंद. इंग्रजी नियतकालिकात छापलेला निबंध यवतमाळच्या त्या घरापर्यंत पोचत नाही. खर्चाच्या अंदाजपत्रकात त्या दुसऱ्या फेरीचं एसटीचं भाडं धरलेलं असावं आणि ते नसेल तर अर्ज परत पाठवावा.