धरण मजबूत, तरीही ‘उच्च धोका’ वर्गात

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९४८ साली क्लाउड चीफजवळ मातीचं एक लहान धरण पुरं झालं. ओढ्यांचा पूर वरच्या वर अडवून खालची शेतं वाचवायची, एवढंच त्याचं काम. पुढे सरकारी मदतीने अशी अकरा हजारांहून अधिक धरणं देशभर झाली. त्यांच्या सुरक्षिततेविषयीचा सर्वात मोठा गैरसमज म्हणजे ‘उच्च धोका’ वर्गातलं धरण आता फुटणार.

तसं नाही. हा वर्ग ठरवताना भिंतीची अवस्था पाहतच नाहीत. धरण फुटलंच तर खाली कुणाचा जीव जाण्याचा संभव आहे का, एवढं पाहतात. असेल तर वर्ग उच्च. जीवितहानी नाही, पण रस्ते, पाणीपुरवठा किंवा मालमत्तेचं मोठं नुकसान होणार असेल तर मधला वर्ग. नुकसान थोडं असेल तर कमी. भिंत, पाझर, सांडवा यांची तपासणी वेगळी होते आणि तिचा शेराही वेगळा असतो. त्यामुळे उत्तम राखलेलं धरण उच्च वर्गात असू शकतं आणि तडे गेलेलं धरण कमी धोक्याच्या.

‘लहान धरणाने काय होणार?’ असंही म्हणतात. जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण जेमतेम चाळीस फुटांचं होतं. ६ नोव्हेंबर १९७७च्या मध्यरात्रीनंतर, मुसळधार पावसात ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या परिसरात ३९ जण गेले. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरणही साठ्याच्या मानाने लहानच होतं. जुलै २०१९मध्ये ते रात्री फुटलं आणि खालची वस्ती वाहून गेली.

एकदा दिलेला वर्ग कायमचा, ही समजूत मला सर्वात घातक वाटते. धरण बांधलं तेव्हा खाली शेतं होती, म्हणून सांडवाही त्या मानाने बेताचा ठेवला. मग पूर थांबला म्हणून लोक निर्धास्त झाले, आणि त्याच शेतांत घरं उभी राहिली. भिंतीतला एक दगडही न हलता धरण उच्च वर्गात गेलं! आता सांडव्यातून त्या भागात पडू शकणाऱ्या कमाल पावसाचं पाणी सुखरूप जायला हवं. म्हणजे सांडवा रुंद करा, भिंत उंचवा, आणि त्यासाठी पैसा आणा. मुळात यातली बहुतेक धरणं ५० वर्षांच्या हिशेबाने बांधलेली. त्यांच्या दुरुस्तीला मदत देणारा कायदा अमेरिकेत २००० साली झाला.

गवताळ सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की लोक घाबरतात, पण तो त्यासाठीच असतो. पाणी मातीच्या भिंतीवरून वाहू लागलं, तर मात्र जिवावरचा प्रसंग. भिंतीवरची झाडंही माती धरून ठेवत नाहीत. त्यांची मुळं कुजली की पाण्याला आत वाट मिळते.

भारताचा २०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. त्याहून लहान धरणं त्याच्या बाहेर राहतात. तुमच्या गावाच्या वर असं धरण असेल, तर शेवटची तपासणी कधी झाली आणि ते फुटल्यास पाणी कुठवर येईल, हे दोन प्रश्न ग्रामसभेत पावसाळ्याआधी विचारा.