जीबीएस : प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात, गुलियन-बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. पुढे ही संख्या २०० च्या वर गेली. साथ ओसरली, पण तेव्हाचे गैरसमज अजून टिकून आहेत. नवी मुंबईतल्या उलव्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत ते वेळीच दूर व्हायला हवेत.

गैरसमज : हा नवा आजार आहे आणि तो रुग्णाजवळ गेल्याने होतो.
वस्तुस्थिती : गुलियन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्येच दोन सैनिकांमधील या आजाराचे वर्णन केले होते. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. त्याआधी होणारा जंतुसंसर्ग मात्र पसरू शकतो. पुण्यातील अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. दूषित पाणी आणि कच्चे राहिलेले चिकन यांतून तो पोटात जातो.

गैरसमज : प्रतिकारशक्ती कमी असेल तरच असे होते, काढा घेतला की भीती नाही.
वस्तुस्थिती : इथे प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, तिची ओळखण्यात गफलत होते. या जिवाणूच्या बाह्य आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंवरही हल्ला करतात. विजेच्या तारेवर प्लास्टिक असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते किंवा आतला तंतूच दुखावला, की मेंदूचा आदेश स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. मेंदू मात्र शाबूत असतो. रुग्णाला सगळे कळत असते. जुलाब झालेल्या प्रत्येकाने घाबरायचे कारण नाही : कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार रुग्णांत एखाद्यालाच जीबीएस होतो.

गैरसमज : पाय जड झाले म्हणजे थकवा किंवा कॅल्शियमची कमतरता.
वस्तुस्थिती : जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येणे, जिना चढताना पाय न उचलणे आणि ही कमजोरी दिवसागणिक वर सरकणे ही जीबीएसची लक्षणे आहेत. पक्षाघातात बहुधा एकच बाजू अचानक लुळी पडते. इथे दोन्ही बाजू हळूहळू दुबळ्या होतात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून पाहतात, तेव्हा पाय सहसा उडत नाही. साधारण चारांतल्या एका रुग्णाचे श्वसनाचे स्नायूही थकतात आणि व्हेंटिलेटर लागतो. म्हणून घरी वाट पाहू नये.

गैरसमज : एकदा अंग लुळे पडले की कायमचे.
वस्तुस्थिती : निरोगी दात्यांच्या प्लाझ्मातून मिळवलेली प्रतिपिंडे शिरेतून देणे (आयव्हीआयजी) किंवा रुग्णाचा प्लाझ्मा बदलणे हे दोन्ही उपचार परिणामकारक आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास त्यांचा अधिक उपयोग होतो. तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे फिजिओथेरपीला धीर लागतो. तरीही बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालतात.

गैरसमज : पाणी स्वच्छ दिसते, म्हणजे ते शुद्ध आहे.
वस्तुस्थिती : जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. उलव्यात सिडकोचे पाणी आधी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत येते, मग गच्चीवरच्या टाकीत चढते. कमी पडले की टँकर येतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर ते दूषित होऊ शकते. जंतू मारणारे क्लोरीन पाण्यात उरले आहे का, हे ओटी टेस्टमधून कळते : पाण्यात तिचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. हे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत टाकी धुण्याची तारीख आणि ओटी टेस्टची जबाबदारी ठरवून घ्या. शंका असेल तेव्हा पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा. आणि जुलाबानंतर घरातल्या कुणाचे दोन्ही पाय दुबळे वाटू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.