वायथ घराणे आणि मेनचा समुद्रकिनारा

घराणे म्हणजे काय, हे गाणे ऐकत वाढलेल्या बेळगावच्या श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. गुरूने अंगी बाणविलेली शिस्त आणि त्याच शिस्तीच्या आधारे शिष्याने शोधलेली स्वतःची वाट, या दोहोंवर घराणे जगते. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी मी मुद्दाम चित्रकलेतील एक घराणे निवडले आहे. मी आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविले. त्यामुळे चित्रांकडेही मी वाचकाच्याच दृष्टीने पाहतो. वडिलांनी पाहावयास शिकविले, म्हणून मुलाने तेच पाहावे काय, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत पुढे समुद्र शिरला आणि त्याचा किनारा असंख्य खाड्यांनी व बेटांनी फाटल्यासारखा झाला. आंबोलीचा घाट उतरून कोकणात जाणाऱ्या आपल्याला खाड्या नव्या नाहीत. परंतु तेथे तांबडा जांभा नाही, माडही नाहीत. करडा ग्रॅनाइट, काळपट हिरवे सूचिपर्णी वृक्ष, थंड पाणी आणि उन्हाळ्यातही दाटणारे धुके, असे त्या भूमीचे रूप आहे.

न्यूएल कॉन्व्हर्स वायथ यांचा जन्म १८८२ चा, म्हणजे सावंतवाडीचे थोर चित्रकार सावळाराम हळदणकर यांच्याच जन्मवर्षीचा. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’साठी १९११ मध्ये काढलेल्या चित्रांनी त्यांची कीर्ती झाली. त्यांचे घर पेनसिल्व्हेनियातील चॅड्स फोर्ड येथे होते. तथापि १९२० च्या सुमारास त्यांनी मेनमधील पोर्ट क्लाइड येथे एक घर घेतले आणि विन्स्लो होमर या चित्रकाराच्या एका प्रसिद्ध सागरचित्रावरून त्याला ‘एट बेल्स’ असे नाव दिले. भरघोस तैलरंग, उंच आभाळ, कष्टाळू कोळी असा त्यांचा समुद्र होता. तो कथा सांगणारा समुद्र होय.

त्यांचे धाकटे पुत्र अँड्र्यू (१९१७–२००९) प्रकृतीने नाजूक असल्यामुळे घरीच शिकले. वडिलांनी त्यांच्याकडून प्रथम घन, गोल, शंकू अशा आकृतींचे कोळशाने रेखन करवून घेतले. छाया कोठे पडते व कडा कोठे विरते हे कळल्याखेरीज रंगाची घाई नाही, असा तो रियाज होता. १९३७ मध्ये न्यूयॉर्कला अँड्र्यूंचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि मेनच्या किनाऱ्याची त्यांची सारी जलरंगचित्रे विकली गेली. एवढ्यावर संतुष्ट होऊन थांबणे सोपे होते.

परंतु अँड्र्यूंनी मेहुणे पीटर हर्ड यांच्याकडून टेम्परा हे जुने तंत्र आत्मसात केले. कोरडी रंगपूड अंड्याचा बलक व पाणी यांत कालवून बारीक रेघांचे थरावर थर द्यावयाचे, असे हे तंत्र. रंग तत्काळ वाळतो. म्हणून फटकाऱ्याला वाव नसतो आणि एकेका चित्राला महिने लागतात. वडिलांच्या उधाणलेल्या तैलरंगांपुढे ही कोरडी, संयत भाषा अगदी निराळी होती.

१९३९ मध्ये बेट्सी जेम्स या तरुणीने, जी पुढे त्यांची पत्नी झाली, त्यांना कुशिंग येथील ओल्सन भावंडांच्या घरी नेले. ख्रिस्तिना ओल्सन यांच्या पायांतील बळ गेले होते. चाकांची खुर्ची नाकारून त्या हातांच्या आधाराने सरपटत जात. १९४५ मध्ये रेल्वे फाटकावरील अपघातात वडील व एक लहानगा पुतण्या दगावले, आणि त्या आघाताने अँड्र्यूंचे चित्र अधिक अंतर्मुख झाले. १९४७ च्या ‘विंड फ्रॉम द सी’ या चित्रात ओल्सन घराच्या माळ्यावरील खिडकी आहे. समुद्र दूरवर, पट्टीएवढा. वाऱ्याने उडणाऱ्या जीर्ण पडद्यावरूनच त्याचे अस्तित्व जाणवते. १९४८ च्या ‘ख्रिस्तिनाज वर्ल्ड’मध्ये तर समुद्र दिसतच नाही. वाळलेल्या गवताच्या उतारावर पाठमोरी स्त्री आणि वर दूर घर, एवढेच. ख्रिस्तिना तेव्हा पंचावन्न वर्षांच्या होत्या; धडासाठी बेट्सी बसल्या, कृश हात मात्र ख्रिस्तिनांचे आहेत. हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अठराशे डॉलरला घेतले.

तिसऱ्या पिढीतील जेमी यांचा जन्म १९४६ चा. त्यांचे आरंभीचे शिक्षण आत्या कॅरोलिन यांच्या हाताखाली, आजोबांच्याच चित्रशाळेत झाले. त्यांनी वडिलांचा टेम्परा बाजूस ठेवून आजोबांचे तैलरंग उचलले. पण आजोबांची वीरकथा घेतली नाही. किनाऱ्यापासून सुमारे सोळा किलोमीटरवर असलेल्या मॉन्हेगन बेटावरील समुद्रपक्षी त्यांनी हावरे, भांडखोर असे रंगविले. सात महापापांची चित्रमालिकाही त्यांनी या पक्ष्यांच्याच रूपाने उभी केली.

किनारा एकच, आजोबांना त्यात पराक्रम दिसला, मुलाला एकाकीपण आणि नातवाला हिंस्र चैतन्य. निरीक्षणाची शिस्त मात्र तिघांतही समान आहे. माझ्या मते, शिक्षकाला देता येण्याजोगे धन हेच होय. आमच्या वर्गांत कवितेचा अर्थ फळ्यावर लिहून देण्याची प्रथा होती. विद्यार्थी तो उतरवून घेत आणि कविता तशीच राही. थोरल्या वायथांनी मुलाला उत्तर उतरवून दिले असते, तर जग एका उत्तम अनुकरणकर्त्याला ओळखले असते. त्यांनी डोळा घडविला आणि तो कोठे वळेल हे मुलावर सोपविले.

अँड्र्यू वायथ चिरविश्रांती घेत आहेत ते कुशिंगच्या त्याच भूमीत, ओल्सन भावंडांच्या सान्निध्यात. माजी विद्यार्थ्यांपैकी आज जे स्वतः शिक्षक वा पालक आहेत, त्यांनी या घराण्याकडे याच दृष्टीने पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.