चार मीटरचा संसार

नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, थ्री एक्स ओ. नावे निराळी, कंपन्या निराळ्या. पण टेप लावून मोजले तर प्रत्येकीची लांबी 3,990 किंवा 3,995 मिलिमीटर भरते. हा योगायोग नव्हे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने छोट्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि छोटी कोणती तेही ठरवून टाकले: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. या मापात एसयूव्ही बसवण्याचा पहिला प्रयोग आपल्या चिंचवडचा. पद्मिनीवाल्या प्रीमियरने 2009 मध्ये रिओ आणली. ती फारशी चालली नाही. 2013 मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली, 2016 मध्ये मारुतीची ब्रेझा आणि 2017 मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून टाटांची नेक्सॉन. मग मात्र घरोघरी हाच आकार दिसू लागला.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. वरच्या मापात बसणाऱ्या गाडीवर 18 टक्के, त्याबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर 40 टक्के. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचे इंजिन 1462 सीसीचे, म्हणून ती चाळीसच्या रांगेत. थोडक्यात, घरच्या गाडीची लांबी अर्थखात्याने ठरवली आहे. चार मीटरमध्ये इंजिन, पाच माणसे आणि डिकी बसवायची म्हटल्यावर कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. कुठे, ते शोरूममध्ये कळत नाही. एक पावसाळा आणि एक गणपती पार पडला की कळते.

सुकापूर हे या परीक्षेचे उत्तम केंद्र. नवीन पनवेलला चिकटून, माथेरान रोडवर वाढलेली ही वस्ती. नोकरदार सकाळी रिक्षाने नाहीतर दुचाकीने पनवेल स्टेशन गाठतो आणि लोकल पकडतो. गाडी आठवडाभर सोसायटीत उभी. शनिवारी भाजी, डॉक्टर, डी-मार्ट; सुट्टीत एक्स्प्रेस-वेने पुणे, आणि गणपतीत पळस्पे फाट्यावरून कोकण.

मालकांचे पहिले कौतुक उंचीचे. बसण्याची जागा कमरेच्या पातळीवर असल्याने गुडघे दुखणाऱ्या आजीला ना खाली वाकावे लागते, ना वर चढावे लागते. आडवे बसून पाय आत घेतले की झाले. गाडीच्या पोटाखाली साधारण 190 ते 208 मिलिमीटर जागा असते. त्यामुळे चौघे बसलेले असतानाही बेढब गतिरोधकावर पोट घासत नाही. माथेरान रोडचे खड्डे आणि समोरून येणारे डंपर रोजचे ज्यांच्या वाट्याला, त्यांना ही उंची म्हणजे चैन वाटत नाही.

पण या उंचीची दुसरी बाजूही आहे. जुन्या यांत्रिक पार्किंगमध्ये खालच्या कप्प्याची उंची सेडानच्या हिशेबाने ठेवलेली असते. तिथे ही गाडी शिरत नाही, आणि मग सोसायटीच्या सभेत जागेवरून वाद.

गणपतीत खरी कसोटी लागते. डिकी कागदावर 328 लिटर असो की 382. चौघांच्या बॅगा, मखराचे सामान आणि पूजेचे खोके एकदम मावत नाहीत. येताना तर तांदळाचे पोते, नारळ आणि कोकम आगळाच्या बाटल्या असतात. सीएनजी घेतली असेल तर मोठे सिलिंडर डिकीतच ठाण मांडते. टाटांनी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवून बरीच जागा वाचवली आहे. तरी पंक्चर झाल्यावर स्टेपनी कुठून आणि कशी काढायची, हे घेतानाच विचारून ठेवावे. मागच्या सीटवर तिघे बसतात खरे, पण माणगावच्या कोंडीत मधल्याचे हाल होतात. ती जागा आपोआपच घरातल्या सर्वांत धाकट्याकडे जाते.

इंधनाचा हिशेब तर सर्वात जास्त चुकतो. स्टेशनपुरती किंवा बाजारापुरतीच चालणारी डिझेल घेतली, की बीएस-6 गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी महामार्गावर सलग पळवून काजळी जाळावी लागते. ज्याचे रोजचे रनिंग मोठे, त्यालाच डिझेल किंवा सीएनजी परवडते. आठवडी वापराला साधे पेट्रोल पुरे. टर्बो पेट्रोल बोरघाटात चारजण घेऊनही दमत नाही, मात्र पाय जड असला की मायलेज झपाट्याने खाली येते. एआरएआयचा आकडा चाचणीकेंद्रातला असतो, कळंबोलीच्या सिग्नलवरचा नव्हे.

आणि पावसाळा. एसयूव्ही म्हटली की पाण्यात घालावीशी वाटते. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात गेले, तर ते पिस्टनला दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ढकलून बाहेर काढावी आणि टो करून न्यावी. साध्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही जोड घ्यावी लागते. आठवडाभर उभ्या गाडीत उबेला उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. अधूनमधून बॉनेट उघडून पाहणे आणि आत खाऊचे कण राहू न देणे, हा त्यावरचा साधा उपाय.

एवढे असूनही चौकोनी कुटुंबाला ही गाडी पुरते, हे बहुतेक मालकांचे मत, आणि ते बरोबर आहे. पाचवे माणूस कायमचे असेल, तर मात्र मोठी गाडी बघावी. पाडव्याची डिलिव्हरी ठरवण्याआधी सनरूफ आणि स्क्रीन बाजूला ठेवा. टेस्ट ड्राइव्हला आजीला आणि गावी नेता ती मोठी बॅग बरोबर न्या, गाडी आपल्याच रस्त्यावर चालवा, आपल्याच पार्किंगमध्ये लावून बघा. बुकिंगचे पैसे त्यानंतर भरा.