निस्ताराचा हक्क आणि संगणकाची मालकी

आजचा विषय संगणकाचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा यंत्राच्या पोटात काय चालतं ते आम्हाला विचारू नका, तुमची नातवंडं ते आमच्यापेक्षा बरं सांगतील. आम्हाला बोलायचं आहे मालकीबद्दल. टेबलावरचा संगणक माझा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातलं नेमकं काय आपलं असतं? विंडोज वापरावं की लिनक्स, हा वाद बहुतेक ठिकाणी पैशावर येऊन थांबतो. एक विकतचं, दुसरं फुकटचं. आमच्या मते हा वाद मुळात पैशाचा नाहीच, आणि हे समजावून सांगायला सावलीसारखं दुसरं गाव मिळणं कठीण.

इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे, १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन या सावलीत भरलं होतं. स्वतः गांधीजी आले होते. चांदा जिल्ह्यातलं हे खेडं निवडलं गेलं, कारण इथे खादीचं काम होतं. तर या खादीच्या कामातली एक गोष्ट. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख, बरं का! अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, साध्या झोपडीत हातापायाने चालवता यावा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. नीट देखभाल केली तर तो किमान वीस वर्षं चालावा, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा.

पण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पेटंटची अट. शोध लावणाऱ्याने हवं तर स्वतःच्या खर्चाने पेटंट घ्यावं, परंतु बक्षिसाला पात्र व्हायचं असेल तर ते पेटंट चरखा संघाच्या नावे करून द्यावं. म्हणजे काय, की कारागिराला त्याच्या बुद्धीचं मोल द्यायचं, भरभरून द्यायचं. मात्र ज्या अवजारावर लाखो घरांची चूल चालणार, त्याची किल्ली एका माणसाच्या खिशात ठेवायची नाही. ते बक्षीस शेवटी कुणाला मिळालं नाही, अटीच तशा होत्या. पण ‘फुकट’ आणि ‘मोकळं’ या दोन शब्दांत फरक आहे, हे त्या अटीत अगदी स्पष्ट दिसतं. आजच्या आपल्या सगळ्या चर्चेत हा फरक धरून ठेवा.

आता संगणकाकडे येऊ. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि तुम्ही यांच्यामधला कारभारी. तुम्ही पत्र लिहिता, तो ते डिस्कवर ठेवतो. तुम्ही छापायला सांगता, तो प्रिंटरला हाक मारतो. कुठल्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, कुणाला आत येऊ द्यायचं, कुणाला दारातच अडवायचं, सगळं तोच ठरवतो. प्रश्न एवढाच की हा कारभारी कुणाचा पगारी? विंडोज सुरू करताना आपण जो करार न वाचता मान्य करतो, त्यात साफ लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरण्याची परवानगी दिलेली आहे. त्या परवानगीला अटी आहेत. संगणकासोबत आलेली प्रत सहसा त्याच संगणकाला बांधलेली असते. आणि प्रोग्रॅम माणसांनी ज्या वाचता येणाऱ्या भाषेत लिहिला, तो सोर्स कोड, तो तर तुम्हाला दिलेलाच नसतो. यंत्राला कळेल असं रूपांतर तेवढं हाती येतं. बिघडलं तर उघडून पाहण्याची सोयच नाही.

आपल्या झाडीपट्टीला हा प्रकार नवा नाही. मालगुजारी आठवा. गावाची जमीन, जंगल, तलाव मालगुजाराच्या नावाने. पण बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्ज नावाचा एक कागद होत असे आणि त्यात गावच्या वहिवाटी नोंदलेल्या असत. सरपण कुठून आणायचं, ढोरं कुठे चारायची, नांगराला लाकूड कुठून घ्यायचं, कोणत्या तलावाचं पाणी कोणत्या बांधीला. हाच निस्तार. मालकी एकाची, पण निस्ताराचा हक्क सगळ्यांचा, आणि तो मालकाच्या मर्जीवर नव्हता, कागदावर होता. पुढे मध्य प्रदेश सरकारने १९५० साली मालकी हक्क संपवणारा कायदा केला. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात जो ‘प्रोप्रायटरी’ शब्द आहे, तोच आज विंडोजसारख्या सॉफ्टवेअरला लावतात. हा योगायोग खराच, पण अर्थपूर्ण आहे असं आम्हाला वाटतं. फरक इतकाच की विंडोजच्या मालगुजारीत निस्तारसुद्धा नाही. आहे ती फक्त मर्जी.

निस्ताराचा हक्क सॉफ्टवेअरमध्ये आणला रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने. १९८३ साली त्याने ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम कुणीही, कशासाठीही वापरावा. आत काय आहे ते वाचावं, बदलावं. प्रत दुसऱ्याला द्यावी. बदललेली प्रतही द्यावी. याला जोडून परवान्यात एक कलम घातलं, की जो पुढे देईल त्याने घेणाऱ्यालाही हेच हक्क द्यावेत. चरखा संघाची अटच ही, वेगळ्या वेशात. मग १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने व्यवस्थेचा गाभा लिहिला, तो लिनक्स. दोन्ही मिळून जे झालं त्यावर आज जगातले सर्वांत वेगवान पाचशेच्या पाचशे महासंगणक चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. पण म्हणून तो फोन मोकळा झाला का? नाही. गाभा मोकळा, वरचा बराचसा वाडा बंद. तेव्हा लिनक्स हे नाव ऐकून भुलू नका, हक्क वापरणाऱ्यापर्यंत पोचला की नाही ते पाहा.

‘आम्हाला कुठे उघडून पाहायचं आहे, चाललं म्हणजे झालं,’ असं कुणी म्हणेल. रास्त आहे. हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो की हातोडा चालतो तोवर आपलं त्याच्याकडे लक्षच नसतं. तो मोडतो तेव्हा दिसतो. संगणकाचंही तसंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. पुढच्या आवृत्तीला जी चिप लागते, जो प्रोसेसर लागतो, तो अनेक धडधाकट संगणकांत नाही. काही काळाची वाढीव सोय कंपनीने केली आहे, पण ती किती काळ, कोणत्या अटीवर, हे ठरवणार कंपनीच. चरख्याला वीस वर्षांची अट होती! त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरातेतल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. कारण युरोपीय संघाने घातलेले निर्बंध. भारताच्या भूमीवरची कंपनी, पैसे भरलेले, तरी तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. तो मामला ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हता, ईमेलसारख्या सेवांचा होता, हे मान्य. पण परवानगी आणि हक्क यांतलं अंतर यापेक्षा स्वच्छ कसं दाखवावं?

याहून घरातलं उदाहरण आपल्या मराठीचं आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टाइप करायला जे फॉन्ट होते, ते एक युक्ती करत. संगणकाला ठाऊक असलेल्या इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवत. पडद्यावर ‘क’ दिसे, संगणकाच्या लेखी मात्र ते कुठलंतरी रोमन चिन्ह. प्रत्येक कंपनीची खणांची मांडणी वेगळी. त्यामुळे एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की निव्वळ कचरा. किती प्रबंध, किती ग्रामपंचायतींचे ठराव, किती दिवाळी अंकांच्या फायली अशा पडून आहेत! मजकूर लिहिणाऱ्याचा, वाचायची किल्ली दुसऱ्याची. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक कायमचा, सगळ्या जगाला ठाऊक असलेला क्रमांक दिला. ‘अ’ चा ०९०५, मग संगणक कुणाचाही असो. त्यावर मोकळ्या परवान्याचे फॉन्ट आले. रेड हॅटने दिलेला लोहित आहे, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आहे. आज सावलीतून पाठवलेलं मराठी पत्र सिंगापुरात जसंच्या तसं उमटतं, ते या मोकळ्या मानकामुळे. यात विंडोजवालेही आले, लिनक्सवालेही आले, आणि कुणाचं नुकसान झालं नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की आम्ही आता लिनक्सची दीक्षा देणार. थांबा. हक्क कागदावर असणं आणि हातात असणं यांत अंतर असतं, आणि ते या भागाइतकं कुणी सोसलेलं नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. २००६ चा वनहक्क कायदा झाला, २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. तरी गावाला बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं एप्रिल २०११ मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. मधली दोन वर्षं हक्क होता आणि बांबू जागेवर होता.

लिनक्सचं आपल्याकडे हेच होतं. हक्क पूर्ण, पुस्तक नाही. सीडॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली काढली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. पण सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाला विचारा. बोटांचा ठसा घेणारं यंत्र, डिजिटल सहीची किल्ली, हिशेबाचं टॅली, रंगीत प्रिंटर, यातलं काय लिनक्सवर मुकाट चालेल, काय नाही, याची त्याला खात्री नसते. बिघडलं तर जवळपास दुरुस्त करणारा नाही. विंडोज दुरुस्त करणारा चौकाचौकांत आहे. त्या मुलाला स्वातंत्र्याचं प्रवचन देणं आम्हाला पटत नाही. त्याच्या दुकानासमोर रांग उभी असते.

जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ नंतर सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. उलट केरळने आपल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या आणि त्या तिथेच राहिल्या. आमच्या मते केरळचं खरं काम सॉफ्टवेअर बदलण्याचं नव्हतं, शिक्षक तयार करण्याचं होतं. शाळेतल्या मास्तरांनाच दुरुस्ती शिकवली. पुस्तक हातात दिलं. आपल्या महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने २००१ पासून लाखोंना संगणकाशी ओळख करून दिली, हे मोठंच काम. पण त्या ओळखीत संगणक म्हणजे विंडोज असं समीकरण डोक्यात बसलं.

एक बाब मोकळ्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही सांगितली पाहिजे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, त्यांना आपण ‘मामा तलाव’ म्हणू लागलो, माजी मालगुजारी. मालक गेला तसा गाळ काढणाराही गेला. कित्येक बोड्या आणि तलाव उथळ झाले, पाळ फुटली, धानाला शेवटचं पाणी मिळेना. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असं झालं. सॉफ्टवेअर लाकडासारखं वापरून संपत नाही, एकाने प्रत घेतली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. पण सांभाळणारे थकतात. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मोकळ्या प्रोग्रॅममध्ये २०१४ साली मोठं भोक सापडलं, तेव्हा जगाला कळलं की अब्जावधींचे व्यवहार ज्यावर चालतात ते मोजकी चार माणसं सांभाळत होती. वापरणारे सगळे होते, गाळ काढायला कुणी नव्हतं.

मग करायचं काय? आमचं मत विचाराल तर सरसकट बदल नको. जिथे सरकारी यंत्रं जोडायची आहेत, तिथे विंडोज राहू द्या. पण वाचनालय, शाळेची प्रयोगशाळा, विंडोज १० मुळे अडगळीत निघालेले संगणक, ज्यांवर लिहिणं, वाचणं, इंटरनेट पाहणं एवढंच काम, तिथे लिनक्स न वापरायला आम्हाला कारण दिसत नाही. दोन संगणक असतील तर एकावर घाला. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, तसं चालवलं तर डिस्कवरच्या फायलींना हात लागत नाही. आणि गावातल्या दोन पोरांना आधी शिकवा, मग यंत्र बदला; उलट क्रमाने नको. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी तपासा, प्रिंटर छापतो का आणि मराठी टाइप होतं का. दुसऱ्याची काळजी फारशी नाही. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे, बोटांना नव्याने काही शिकावं लागणार नाही.