बाळंतिणीची भूल आणि घरच्यांचें कर्तव्य

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें आपल्या घराघरांतून म्हटलें जातें. त्या बोलण्यांत भय आहे आणि पिढ्यांचा अनुभवही आहे. मात्र 'सिझेरियन करावें लागेल' असें डॉक्टरांनीं सांगितलें, कीं घरच्या मंडळींचें सारें भय भुलीभोंवतीं गोळा होतें. 'भुलींतून ती जागी होईल ना?' असें वडीलधारीं माणसें हलक्या आवाजांत विचारतात. प्रश्न निरर्थक नाहीं. परंतु धोका नेमका कोठें असतो हें ठाऊक नसलें, तर काळजी भलतीकडेच जाते आणि जी घ्यावयाची ती राहून जाते.

प्रसूतीच्या वेदना शमविण्यासाठीं एडिंबरोच्या डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनीं १८४७ च्या जानेवारींत ईथरचा उपयोग केला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. १८५३ सालीं डॉ. जॉन स्नो यांनीं व्हिक्टोरिया राणीस तिच्या बाळंतपणांत तें दिलें, तेव्हां लोकांची भीड चेपली. परंतु त्यापूर्वींच, १८४८ च्या जानेवारींत, न्यूकॅसलजवळ पंधरा वर्षांची एक मुलगी पायाच्या नखाच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेसाठीं क्लोरोफॉर्म दिलें असतां दगावली होती. अशा मृत्यूंचें कारण शोधण्यासाठीं १८८८ व १८८९ सालीं, मराठवाडा तेव्हां ज्यांच्या राज्यांत होता त्या निजामाच्या आश्रयानें, हैदराबादेस दोन चौकशी-मंडळें बसलीं. आधीं श्वास बंद पडतो व मग हृदय, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो सर्वस्वीं खरा नव्हता. क्लोरोफॉर्मनें हृदयही एकाएकीं बंद पडूं शकतें, हें डॉ. गुडमन लेव्ही यांनीं १९११ सालीं दाखविलें. तथापि भूल दिलेल्या माणसाच्या श्वासावरून क्षणभरही नजर ढळूं देऊं नये, हा हैदराबादचा धडा आजही खोटा ठरलेला नाहीं.

गर्भिणीस असणारा विशेष धोका १९४६ सालीं स्पष्ट झाला. न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनीं आपल्या प्रसूतिगृहांतील १९३२ ते १९४५ या काळांतील ४४,०१६ गर्भिणींची माहिती तपासली. त्यांत ६६ जणींच्या पोटांतील पदार्थ भुलीच्या वेळीं श्वासमार्गांत उतरल्याचें आढळलें. घट्ट अन्नानें श्वास कोंडून त्यांपैकीं दोघी मेल्या. कित्येकींच्या फुप्फुसांस जठरांतील आम्लानें इजा झाली. असें होण्यास त्या अवस्थेंतील शरीराची घडणच कारण आहे. वाढलेलें गर्भाशय जठरास वर रेटतें, जठराच्या तोंडाशीं असलेली झडप सैल होते, आणि कळा सुरू झाल्या कीं खाल्लेलें अन्न तासन्‌तास पोटांतच राहतें. संपूर्ण भुलींत खोकून तें बाहेर टाकण्याची शक्ति नाहींशी होते. शिवाय गरोदरपणीं घशास सूज असते, म्हणून श्वासनळींत नळी घालणें अवघड जातें. आणि शरीरांतील प्राणवायूचा सांठा लवकर संपत असल्यामुळें डॉक्टरांस अवधि फार थोडा मिळतो.

म्हणूनच आतां बहुतेक सिझेरियन पाठीच्या कण्यांत सुई टोंचून, शरीराचा खालचा भाग बधिर करून केलीं जातात. बाई जागी असते आणि श्वास तिचा तीच घेत असते. अमेरिकेंत १९८५ ते १९९० या काळांत सिझेरियनच्या वेळीं संपूर्ण भुलीनें मृत्यु येण्याचें प्रमाण अशा बधिरतेच्या जवळजवळ १७ पट होतें. पुढें साधनें व शिक्षण सुधारलें, आणि १९९७ ते २००२ या काळांत तें दुपटीच्याही आंत आलें. या सुईनें जन्माची पाठदुखी लागते, ही आपल्याकडील समजूत संशोधनानें पुष्ट झालेली नाहीं. रक्तदाब एकाएकीं उतरणें व कांहीं दिवस डोकें दुखणें, हे तिचे खरे दोष. त्यांवर उपाय आहेत. अति रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर मात्र बहुधा संपूर्ण भूलच द्यावी लागते. अशा वेळीं घरच्यांनीं सुईचा हट्ट धरूं नये.

आपल्या देशांत २०१८ ते २०२० या काळांत दर लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रांत हें प्रमाण ३३ होतें. या मृत्यूंचें सर्वांत मोठें कारण रक्तस्राव. भुलीचा वाटा त्या मानानें लहान. परंतु अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांविषयीं २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, सिझेरियननंतरच्या मृत्यूंपैकीं शेंकडा सुमारें १४ मृत्यु भुलीशीं निगडित आढळले. भूल देणारी व्यक्ति डॉक्टर नसेल तेथें मृत्यु अधिक, हेंही त्यांत दिसून आलें.

आतां घरच्यांचें काम काय? कळा सुरू झाल्या, कीं 'पोरीला शक्ति हवी' म्हणून आई किंवा सासूबाई तूप घातलेला शिरा पुढें करतात. आणि डॉक्टर रागावतील या भीतीनें 'कांहीं खाल्लें नाहीं' असें सांगून मोकळ्या होतात. ही माया घातक ठरूं शकते. कळा लागल्यावर काय द्यावें हें डॉक्टरांनाच विचारावें. गुंतागुंत नसेल तर पाण्याचे घोट किंवा गाळलेलें सरबत बहुधा चालतें. दूध मात्र अन्नांतच मोडतें. सिझेरियन आधींच ठरलें असेल, तर त्यापूर्वीं सहा ते आठ तास अन्न नको व दोन तास पाणीही नको. खाणें झालेंच असेल, तर काय व किती वाजतां तें खरें सांगावें; म्हणजे आम्ल मारणारें औषध व नळीची तयारी आधींच करतां येते.

दमा, हृदयविकार, एखाद्या औषधाचें वावडें, पूर्वीं भुलींत झालेला त्रास, माहेरीं कोणास भुलीनें झालेला अपाय, हलणारा दांत, हें सारें सातव्या महिन्यांतच लिहून डॉक्टरांच्या हातीं द्यावें. प्रसूतिगृह ठरवितांना खोली हवेशीर आहे कीं नाहीं एवढेंच न पाहतां, रात्रीं-अपरात्रीं भूलतज्ज्ञ किती वेळांत येतात आणि रक्त कोठून मिळतें, हेंही विचारून घ्यावें. हा प्रश्न विचारण्यास सूनबाईला संकोच वाटेल. म्हणून घरांतील कर्त्या माणसानें तो तिच्यासाठीं विचारावा.